कार्बनचे चार हात

रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : "मिथेनमधील कार्बनचे एसपी३ संकरण होते, म्हणून मिथेनचा रेणू चतुष्फलकी असतो." या वाक्याला गुणही मिळतात. पण ते लिहून झाल्यावर एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न उरतोच. हे संकरण होते तरी केव्हा? बंध जुळण्याच्या आधी, की नंतर? ते होताना कोणी पाहिले आहे काय? आणि आता संकरण करायला हवे, हे बिचाऱ्या कार्बनला कळते कसे?

हे प्रश्न बाळबोध नाहीत. त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी आपण वरच्या वाक्यातला एकच शब्द तपासून पाहू. तो शब्द आहे 'म्हणून'.

आकार आधी कळला

मिथेनच्या रेणूत एका कार्बन अणूला चार हायड्रोजन अणू जोडलेले असतात. कागदावर आपण मध्ये कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन असे अधिक चिन्ह काढतो. रेणू खरोखरच असा सपाट असेल काय?

असे समजा की, या चारपैकी दोन हायड्रोजन काढून त्यांच्या जागी क्लोरीनचे दोन अणू बसवले. या संयुगाला डायक्लोरोमिथेन म्हणतात. रेणू सपाट चौकोनी असता, तर दोन क्लोरीन शेजारच्या कोपऱ्यांत तरी बसले असते किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांत तरी. म्हणजे दोन वेगळी डायक्लोरोमिथेन मिळायला हवी होती. पण रसायनशास्त्रज्ञांनी कोणत्याही मार्गाने हा पदार्थ तयार केला तरी तो एकाच प्रकारचा निघाला. याचा अर्थ, कार्बनच्या चार हातांपैकी कोणतेही दोन घ्या, ते एकमेकांचे सारखेच शेजारी असले पाहिजेत. सपाट कागदावर हे जमत नाही. अवकाशात मात्र जमते. मधोमध कार्बन आणि चतुष्फलकाच्या चार शिरोबिंदूंवर चार हायड्रोजन, अशी ती रचना होय.

हा विचार १८७४ साली दोन तरुणांनी स्वतंत्रपणे मांडला. एक हॉलंडचा व्हांट हॉफ. त्याचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. दुसरा फ्रान्सचा ल बेल. कार्बनच्या चार हातांना चार निरनिराळे गट जोडले असता, उजव्या आणि डाव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिमा असणारी दोन रूपे का मिळतात, याचाही उलगडा त्यातून झाला. जर्मनीतील कोल्बे या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये व्हांट हॉफची छापील टर उडवली. अणू कोणी पाहिलेले नसताना हा मुलगा त्यांच्या जागा सांगतो, हे त्याला पटेना. पुढे १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना शोधली, तेव्हा हिऱ्यातील प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन बरोबर चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर आढळले.

आता सनावळीकडे लक्ष द्या. 'संकरण' ही कल्पना पुढे आली १९३१ साली. म्हणजे मिथेनचा आकार संकरणाच्या सत्तावन्न वर्षे आधी माहीत होता! आपल्या 'म्हणून'ला पहिला तडा येथे जातो.

एक छोटी कृती

पुढे जाण्यापूर्वी हा आकार हाताळून पाहा. एक घनाकृती खोके घ्या. वरच्या पृष्ठाचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा. खालच्या पृष्ठाचेही समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, पण असे की, ते वरच्या निवडलेल्या कोपऱ्यांच्या थेट खाली येणार नाहीत. हे चार बिंदू म्हणजे चतुष्फलकाचे शिरोबिंदू. घनाच्या मध्यबिंदूपासून त्यांच्याकडे रेषा काढल्या, तर कोणत्याही दोन रेषांमधील कोनाची कोसाइन −१/३ येते आणि कोन १०९ अंश २८ मिनिटांचा. मिथेनमधील बंधकोन हाच आहे.

अडचण कोठे आली?

१९२६ मध्ये श्रोडिंजरने आपले समीकरण मांडले आणि अणूतील इलेक्ट्रॉनचे चित्र पालटले. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या वाटेने फिरत नाही. तो तरंगरूपाने केंद्रकाभोवती पसरलेला असतो. या पसरण्याच्या प्रत्येक तऱ्हेला ऑर्बिटल, म्हणजेच कक्षक म्हणतात. एस कक्षक चेंडूसारखा गोल असतो. त्याला दिशा नाही. पी कक्षक तीन. प्रत्येकाचा आकार डंबेलसारखा आणि ते एकमेकांशी ९० अंशांचा कोन करतात.

कार्बनच्या बाहेरच्या थरात चार इलेक्ट्रॉन आहेत. त्यांपैकी दोन २एस कक्षकात जोडीने राहतात आणि उरलेले दोन २पी कक्षकांत एकेकटे. बंध जुळवण्यासाठी एकेकटा इलेक्ट्रॉन लागतो, असे धरले तर कार्बनने दोनच बंध करायला हवेत आणि त्यांत ९० अंशांचा कोन हवा. प्रत्यक्षात बंध चार, सगळे सारखे आणि कोन १०९.५ अंशांचा! रसायनशास्त्राचा अनुभव आणि भौतिकीचे गणित यांची तोंडे दोन दिशांना झाली.

यातून वाट काढली अमेरिकेतील लायनस पाउलिंग यांनी आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे जॉन स्लेटर यांनी. दोघांचे लेख १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाउलिंगना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

तारेवरची बेरीज

पाउलिंग यांची युक्ती समजायला सतारीची तार पुरेशी आहे. तार छेडली की, ती सबंध एका कमानीत हलू शकते. हा तिचा मूळ स्वर. ती दोन कमानींतही हलू शकते. अशा वेळी मधला बिंदू स्थिर असतो आणि डावा भाग वर असताना उजवा खाली असतो. आता हे दोन आकार एकावर एक ठेवून त्यांची बेरीज करा. डाव्या अर्ध्या भागात दोन्ही वरच्या दिशेने आहेत, म्हणून तेथे फुगवटा वाढेल. उजव्या भागात एक वर, एक खाली, म्हणून तेथे वजाबाकी होईल. एकूण आकार डावीकडे फुगलेला आणि उजवीकडे आक्रसलेला असा दिसेल.

एस आणि पी कक्षकांचे नेमके हेच होते. एस तरंगाचे चिन्ह सगळीकडे सारखे असते. पी तरंगाचे चिन्ह एका बाजूला धन व दुसऱ्या बाजूला ऋण. त्यांची बेरीज केली की, एका बाजूला भलामोठा फुगवटा येतो व दुसऱ्या बाजूला लहानसा उरतो. फुगवटा ज्या दिशेला, त्या दिशेच्या हायड्रोजन अणूशी त्याची गळाभेट अधिक चांगली होते आणि बंध बळकट होतो. एक एस आणि तीन पी यांची चार निरनिराळ्या प्रकारे बेरीज-वजाबाकी करून चार सारखे, चार दिशांना तोंडे असलेले कक्षक मिळतात. हेच एसपी३ संकरित कक्षक. चार घातले, चारच निघाले, हिशेब चोख.

कोन येतो कोठून?

दोन संकरित कक्षक एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात. एकाचा अंशही दुसऱ्यात मोजला जाता कामा नये. सदिशांच्या भाषेत, त्यांचा अदिश गुणाकार शून्य हवा. समजा, प्रत्येक कक्षकात एस एक भाग आणि पी क भाग आहे. दोन कक्षकांतील एसचा एसशी गुणाकार १ देतो. पी कक्षक सदिशांप्रमाणे वागतात, म्हणून त्यांचा गुणाकार क गुणिले मधल्या कोनाची कोसाइन एवढा येतो. या दोहोंची बेरीज शून्य हवी. म्हणून,

कोनाची कोसाइन = −१/क

या चिमुकल्या सूत्रात पाठ्यपुस्तकातील सगळे कोन दडलेले आहेत. क = ३ घ्या (एसपी३) : कोसाइन −१/३, कोन १०९.५ अंश. क = २ घ्या (एसपी२) : कोसाइन −१/२, कोन १२० अंश. क = १ घ्या (एसपी) : कोसाइन −१, कोन १८० अंश. पाठांतराची गरजच नाही.

मात्र क ची किंमत पूर्णांकच असली पाहिजे, असे या सूत्रात कोठेही म्हटलेले नाही, हे ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग लवकरच होणार आहे.

ऊर्जेचा जमाखर्च

पण जोडीने नांदणारे २एस इलेक्ट्रॉन कार्बनने का वेगळे करावेत? येथे जमाखर्च पाहावा लागतो. एक इलेक्ट्रॉन २एस मधून २पी मध्ये नेण्यासाठी दर मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. त्याबदल्यात दोनऐवजी चार बंध करता येतात. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंधाची सरासरी ऊर्जा मोलमागे सुमारे ४१५ किलोज्यूल आहे. जास्तीच्या दोन बंधांतून ढोबळमानाने ८३० किलोज्यूल सुटतात. चारशे गेले, आठशे तीस आले. व्यवहार फायद्याचा ठरला.

परंतु हे टप्पे आपण हिशेबाच्या वहीत मांडले आहेत. हायड्रोजन अणू जवळ येत जातात तसतसा इलेक्ट्रॉनांचा ढग हळूहळू नवा आकार घेतो. आधी उडी, मग संकरण, मग बंध असा क्रम निसर्गात नाही.

मग संकरण केव्हा होते?

सतारीच्या तारेकडे पुन्हा वळू. एका कमानीचे आणि दोन कमानींचे कंपन एकाच वेगाने होत नाही. दुसऱ्याची वारंवारता दुप्पट असते. त्यामुळे पहिल्याचे अर्धे कंपन होते तोवर दुसऱ्याचे एक पुरे होते आणि डावीकडचा फुगवटा उजवीकडे गेलेला असतो. आपण जुळवलेला लंगडा आकार तारेवर स्थिर राहत नाही.

एकट्या कार्बन अणूची हीच गत आहे. अणूच्या जगात ऊर्जा म्हणजेच वारंवारता, आणि कार्बनमध्ये २एस व २पी यांच्या ऊर्जा वेगवेगळ्या आहेत. म्हणून एसपी३ संकरित कक्षक ही एकट्या कार्बन अणूची स्थिर अवस्था नव्हेच. संकरण झालेला आणि हायड्रोजनची वाट पाहत बसलेला कार्बन कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

तर मग संकरण आहे तरी काय? ते वर्णन आहे. एक उदाहरण घेऊ. गावच्या नकाशावर मारुतीचे देऊळ चावडीपासून ३०० पावले पूर्वेला आणि तेथून ४०० पावले उत्तरेला आहे. चावडीपासून देवळाकडे सरळ रस्ता जातो असे मानले, तर तेच देऊळ त्या रस्त्याने ५०० पावलांवर आहे. अक्ष बदलले, आकडे बदलले. देऊळ जागचे हलले नाही. एस आणि पी हे एक अक्ष, चार संकरित कक्षक हे दुसरे. मिथेनमधील इलेक्ट्रॉनांचा ढग म्हणजे देऊळ. 'देवळाचे रस्त्यावर रूपांतर केव्हा झाले?' असे आपण विचारत नाही. तसेच 'संकरण केव्हा झाले?' हेही विचारता येत नाही.

याला प्रयोगाचा पुरावा आहे. मिथेनवर मोठ्या ऊर्जेचे प्रकाशकण सोडून त्यातील इलेक्ट्रॉन बाहेर काढता येतात आणि प्रत्येकाला काढण्यास किती ऊर्जा लागली ते मोजता येते. हे तंत्र १९६० च्या दशकात विकसित झाले. मिथेनच्या बाहेरच्या थरात आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे चार जोड्या. त्या चार सारख्या कक्षकांत एकेक करून बसल्या असतील, तर एकच ऊर्जा दिसावी. प्रत्यक्षात दोन दिसतात : एक सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरी सुमारे २३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पहिली तीन जोड्यांची, दुसरी एका जोडीची. तीन आणि एक! पी आणि एस यांचीच ती सावली आहे, कारण येथे इलेक्ट्रॉन एकेका बंधात न राहता सबंध रेणूभर पसरलेले मानावे लागतात.

म्हणजे चार सारखे बंध खोटे ठरले काय? मुळीच नाही. एक अधिक तीन पसरलेले कक्षक आणि चार सारखे बंध यांची बेरीज तंतोतंत एकच ढग देते. रेणूचा आकार किंवा बंधांची लांबी विचाराल तर चार बंधांचे वर्णन सोयीचे. एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागेल असे विचाराल तर पसरलेल्या कक्षकांचे.

गंधकाची साक्ष

'म्हणून'ची शेवटची परीक्षा पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्याकडे आहे. ऑक्सिजन आणि गंधक एकाच गणातले. दोघांजवळ दोन बंध आणि इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या. एसपी३ संकरण हेच आकाराचे कारण असेल, तर दोन्ही रेणूंचा कोन सारखा हवा. पाण्याचा कोन आहे १०४.५ अंश; हायड्रोजन सल्फाइडचा अवघा ९२ अंश.

आता आपले सूत्र उलट वापरा. बंध कक्षकांच्याच दिशेने आहेत, असे धरून. १०४.५ अंशांची कोसाइन −०.२५, म्हणून क = ४. पाण्यातील बंधात एसचा वाटा पाचात एक, म्हणजे २० टक्के. ९२ अंशांसाठी क जवळजवळ २९ येतो. एसचा वाटा ३ ते ४ टक्के. गंधकाने आपला एस बंधांत जवळजवळ गुंतवलेलाच नाही. तो एकाकी जोडीकडे ठेवून दिला आहे.

असे का? गंधकाचे बंध ऑक्सिजनच्या बंधांहून दुबळे. एस मोकळा करण्याचा खर्च त्यांतून भरून निघत नाही. शिवाय गंधकाचा अणू मोठा असल्याने दोन हायड्रोजन मुळातच एकमेकांपासून दूर असतात. त्यांना आणखी फाकवण्याची निकड नसते. केंद्रके आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील आकर्षण-प्रतिकर्षणाची गोळाबेरीज जेथे किमान ऊर्जेची होते, तो आकार रेणू घेतो. त्या आकाराला क ची किती किंमत शोभते, हे आपण मागाहून ठरवतो.

तरीही संकरण हवेच

यावरून संकरण निरुपयोगी आहे, असा समज करून घेऊ नका. चांगले वर्णन नव्या गोष्टी सांगू लागते. मिथेन, एथिलीन आणि ॲसिटिलीन या तीन वायूंची उदाहरणे घ्या. आंब्याच्या अढीत फळे पिकवणारा वायू म्हणजे एथिलीन; कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की निघणारा ॲसिटिलीन. यांच्या कार्बन-हायड्रोजन बंधांत कार्बनच्या एसचा वाटा अनुक्रमे २५, ३३ आणि ५० टक्के मानला जातो.

एस इलेक्ट्रॉन थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो, पी पोहोचत नाही. म्हणून १३ वस्तुमानांकाच्या कार्बनचे केंद्रक आणि हायड्रोजनचे केंद्रक हे दोन चिमुकले चुंबक बंधातील इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांवर जो परिणाम करतात, तो एसच्या वाट्याबरोबर वाढला पाहिजे. मोजून पाहता तो मिथेनमध्ये १२५, एथिलीनमध्ये १५६ आणि ॲसिटिलीनमध्ये २४९ हर्ट्झ भरतो. वरच्या टक्केवारीला पाचने गुणून पाहा, म्हणजे वर्णन किती चांगले जुळते ते दिसेल. ॲसिटिलीनमध्ये बंधाचे इलेक्ट्रॉन कार्बनकडे अधिक ओढलेले असतात, त्यामुळे तेथील हायड्रोजन सोडियमला आपली जागा देतो. मिथेनमधला देत नाही.

वर्णनाला मर्यादाही असतात. एथिलीनमध्ये दोन हायड्रोजनांमधील कोन नेमका १२० अंशांचा नसून सुमारे ११७ अंशांचा आहे. सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारख्या रेणूंसाठी पुस्तके डी कक्षकही संकरणात घेतात. पण गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संगणकीय गणितांतून त्यांचा वाटा अगदी अल्प असल्याचे दिसले आहे.

तेव्हा मित्रांनो, सुरुवातीचे वाक्य थोडे फिरवून लिहू : "मिथेनचा रेणू चतुष्फलकी आहे, म्हणून त्याच्या बंधांचे वर्णन एसपी३ संकरित कक्षकांनी उत्तम होते." शब्द तेच, 'म्हणून'ची जागा बदलली. कोणतेही शास्त्र शिकताना निसर्गात काय आहे आणि ते सांगण्यासाठी आपण काय योजले आहे, हा भेद सांभाळला, तर पुष्कळसे गोंधळ आपोआप मिटतात.

जाता जाता एक गणित. अमोनियाचा बंधकोन सुमारे १०७ अंश आहे आणि फॉस्फीनचा सुमारे ९३.५ अंश. प्रत्येकासाठी क किती? बंधात एसचा वाटा किती टक्के? (कोसाइनचे कोष्टक जवळ ठेवा. अमोनियासाठी क सुमारे ३.४ आला, तर तुमची रीत बरोबर आहे.) फॉस्फीनचे उत्तर काढून ते गंधकाच्या उत्तराशेजारी ठेवून पाहा आणि त्यातून काय दिसते, ते वर्गात आपल्या शिक्षकांशी बोला.